बांध नसलेले गाव

आमच्या घरातला बांधाचा दावा 19 वर्षे चालला. वाद होता दोन हातांचा. शेजाऱ्याने दरसाल नांगराचे एकेक तास आमच्या अंगाला सरकवत बांध कोरत आणला, असे आजोबांचे म्हणणे. बांध पहिल्यापासून तिथेच होता, असे शेजाऱ्याचे. मोजणी झाली, फेरमोजणी झाली, पंचनामे झाले, तारखा पडत गेल्या. दोघेही म्हातारे एकामागोमाग वारले आणि मग तारखेला कोणी गेलेच नाही. दावा मिटला तो असा. दोन हात जमीन शेवटी कोणाच्या वाट्याला आली, हे आज घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. दोन घरांचे बोलणे मात्र तुटले ते तुटलेच.

इंग्लंडमधल्या लॅक्स्टन या गावाबद्दल मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हा दावा आठवल्यावाचून राहिला नाही. नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्कच्या उत्तरेला हे लहानसे गाव आहे. गावाभोवती सुमारे 500 एकरांची तीन मोठी शेते आहेत. त्यांत अनेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये बांध नाही, कुंपण नाही, तारही नाही. दोन शेतकऱ्यांच्या मध्ये असते ती फक्त एक सरी, आणि तिच्या टोकाला ठोकलेली एक खुंटी. तरीही ही व्यवस्था मध्ययुगापासून आजतागायत मोडलेली नाही. युरोपात एकेकाळी सर्रास असलेली ही पद्धत अशा जिवंत स्वरूपात इंग्लंडमध्ये आता जवळपास इथेच पाहायला मिळते.

एका ऑगस्टच्या अखेरीस मी ते गाव पाहिले. खरे सांगायचे तर पहिल्या दर्शनात पाहण्यासारखे काही नाही. एक रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची घरे, मध्ययुगीन चर्च, डव्हकोट नावाचा पब आणि गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या गढीचा गवताने भरलेला उंचवटा. नजरेत भरते ते शेतघरांचे स्थान. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याचे घर बहुधा गावाबाहेर, त्याच्या कुंपण घातलेल्या जमिनीच्या मधोमध असते. लॅक्स्टनमध्ये शेतघरे आपल्याकडच्यासारखी गावातच, रस्त्याला खेटून आहेत. कारण उघड आहे. ज्याची जमीन तीन दिशांना तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे, त्याने घर बांधायचे तरी कोणत्या तुकड्यावर?

इंग्लिश खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरव्या कुंपणांनी आखलेली चौकोनी शेते येतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी आणि रहस्यकथांनी ते चित्र आपल्या मनात इतके पक्के केले आहे की ते सनातन वाटावे. पण मध्य इंग्लंडमधली त्यातली पुष्कळ कुंपणे अवघी दोन-अडीचशे वर्षांची आहेत. त्याआधी तिथला बराचसा मुलूख लॅक्स्टनसारखा मोकळा होता.

या मोकळ्या शेतांची रीत अशी. तीन शेतांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पडीक, म्हणजे त्याला त्या वर्षी विश्रांती. दरवर्षी हे चक्र एकेक घर पुढे सरकते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत असल्यामुळे कोणाचेही अख्खे वर्ष कोरडे जात नाही. मात्र काय पेरायचे आणि कधी पेरायचे, हे एकट्याने ठरवायचे नसते. गव्हाच्या शेतात सगळ्यांनी गहूच पेरायचा. कापणी झाली की सगळ्यांची धसकटे चरायला मोकळी, त्यामुळे एकाने उशिरा कापायचे पीक घेतले तर सगळ्या गावाची गुरे अडतात. आपण ‘माझे शेत, माझी मर्जी’ म्हणतो, ते इथे लागू नाही. कायद्याने पट्टी ज्याची त्याची. पण तिचे वेळापत्रक गावाचे.

पट्टीच्या आकारात एक गंमत दडलेली आहे. फर्लांग हा शब्द आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी सहज होता. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सरीची लांबी’. बैलांची जोडी दम न घेता जेवढे अंतर नांगर ओढेल तेवढे, म्हणजे ढोबळमानाने 220 यार्ड. आणि एकर म्हणजे बैलांनी दिवसभरात नांगरून होईल एवढी जमीन. पुढे मोजमापे पक्की झाली तेव्हा एकराची पट्टी 660 फूट लांब आणि 66 फूट रुंद धरली गेली. आता आपला गुंठा घ्या. तो 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 66 फुटांत दोन गुंठे बसतात आणि 660 फुटांत वीस, म्हणून एकराचे चाळीस. सातबाऱ्यावरच्या आकड्यांत इंग्लंडमधल्या एका पट्टीचा आराखडा असा लपून बसला आहे. प्रत्यक्षातल्या पट्ट्या अर्थात इतक्या काटेकोर कधीच नव्हत्या. जमिनीचा उतार, ओढे आणि माणसांचे स्वभाव त्यांना हवे तसे वाकवत गेले.

पण पट्ट्या विखुरलेल्या का? एकाची सगळी जमीन एका ठिकाणी का नको? यावर अभ्यासकांत बरीच वादावादी झाली आहे. लॅक्स्टनचे नाव विद्वानांच्या जगात पोचवले ते सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी, 1938 साली आलेल्या ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथातून. दोघांचे म्हणणे, हे सारे नांगरटीतून आले. जड मातीत नांगर ओढायला अनेकांचे बैल एकत्र जुंपावे लागत, दिवसाची नांगरट हा वाटपाचा एकक ठरला आणि रोज जेवढे रान तयार होई त्यातली पट्टी पाळीपाळीने एकेकाला मिळत गेली. पुढे 1970 च्या दशकात मॅक्लॉस्की या अर्थशास्त्रज्ञाने वेगळे उत्तर दिले. विखुरलेल्या पट्ट्या म्हणजे शेतकऱ्याचा विमा. एका कोपऱ्यात पाणी साचले, दुसरीकडे कीड पडली, तरी सगळे पीक एकदम जात नाही. मला दोन्ही उत्तरांत तथ्य वाटते. पण ज्याने भावाभावांच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्याला तिसरे कारण आपोआप सुचते. काळ्या रानातला वाटा सगळ्यांना हवा आणि मुरमाड रानातला वाटाही सगळ्यांनीच सोसायचा. आपल्याकडे याच हट्टातून जमिनीचे इतके तुकडे झाले की 1947 साली मुंबई सरकारला तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. लॅक्स्टनमध्येही विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने बारीक पट्ट्या एकत्र करून त्या रुंद केल्या. आज दिसतात त्या पट्ट्या म्हणूनच मध्ययुगातल्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. पद्धत जुनी आहे, पण ती गोठलेली नाही.

पूर्वीच्या पट्ट्या कशा होत्या हे पाहायचे तर 1635 सालचा नकाशा पाहावा. गाव तेव्हा सर विल्यम कोर्टेन या व्यापाऱ्याच्या मालकीचे होते आणि मार्क पिअर्स या मोजणीदाराने त्याच्यासाठी पट्टीन् पट्टी नोंदवून तो काढला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात तो आहे. नकाशावर नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसेही रंगवलेली आहेत. धन्याला आपली मिळकत नजरेखाली घालता यावी म्हणून तो काढलेला असला, तरी माझी नजर त्या माणसांवरच रेंगाळली.

आता मुख्य प्रश्न. बांध नाही, तर बांध कोरण्याचा मोह आवरतो कोण? त्याचे उत्तर ज्युरी. दर नोव्हेंबरच्या अखेरीस, नुकताच गहू पेरलेल्या शेतावर गावातलीच बारा शेतकरी मंडळी तपासणीला निघतात. पूर्वी पायी जात, आता ट्रॅक्टरच्या ट्रेलरमधून. पट्टीच्या टोकांना ते खुंट्या ठोकतात. कोणी शेजाऱ्याच्या पट्टीत तास घुसवले आहे का, कोणी रस्त्यावर किंवा सामाईक गवतावर नांगर चालवला आहे का, कोणाचा चर बुजला आहे का, हे पाहतात. ज्युरीत बसलेल्यांच्या स्वतःच्याही पट्ट्या त्याच शेतात असतात. त्यांचीही तपासणी होते आणि त्यांनाही दंड होतो. दुपारी सगळे पबमध्ये जेवतात आणि तिथेच फोरमन गुन्ह्यांची यादी करतो.

पुढच्या आठवड्यात त्याच पबमध्ये कोर्ट लीट भरते. हे जमीनदारीच्या काळापासूनचे गावकोर्ट आहे. जमीनदाराचा कारभारी, ज्याला स्टुअर्ड म्हणतात, तो अध्यक्षस्थानी असतो. नावे पुकारली जातात, गैरहजर राहिलेल्याला नाममात्र दंड होतो, ज्युरीची यादी वाचली जाते, दंड ठरतात, आणि पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू येणार त्याच्यासाठी नव्या ज्युरीला बायबलवर हात ठेवून शपथ दिली जाते. दरवर्षी एकेक शेत, म्हणजे कोणत्याही पट्टीची पाळी तीन वर्षांत एकदा येतेच. याला केवळ हौशीचा देखावा समजू नये. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या उरल्यासुरल्या अशा गावकोर्टांचे न्यायाधिकार काढून घेतले. त्यातून लॅक्स्टनचे कोर्ट मुद्दाम वगळण्यात आले.

दंडाची रक्कम किरकोळ, काही पौंडांची. एवढ्याशा दंडाला कोण भिणार, असे मी पबमध्ये भेटलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, “पैशाचे काय घेऊन बसलात? नाव सगळ्यांसमोर वाचतात ना!” आणि जरा थांबून, “आणि वाचणाऱ्याच्या शेजारी माझा मेहुणा बसलेला असतो.”

आमच्या आजोबांच्या दाव्यात नेमके हेच नव्हते. तिथे निकाल देणारा तालुक्याचा, नंतर जिल्ह्याचा. त्याने ते शेत कधी पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी त्या रानात त्याला नांगर धरायचा नव्हता. शिवाय लॅक्स्टनचा वाद पेरणी झाल्या झाल्या, सरी ओली असतानाच निघतो. त्याची 19 वर्षे होत नाहीत. ज्युरी जे पाहते ते एक-दोन तासांचे अतिक्रमण असते. तेवढ्यावर खुंटी पुन्हा जागेवर ठोकली की काम संपते.

गावात कोंडवाडाही आहे. मोकाट गुरे आणून त्यात कोंडायची आणि मालकाकडून पैसे घेऊन सोडायची, हे काम ज्याचे त्याला पिंडर म्हणतात. कुंपण नसलेल्या रानात एक सुटलेली गाय किती जणांचे नुकसान करील, याचा विचार केला की या माणसाचे महत्त्व कळते. शेतांच्या मधल्या सखल, ओलसर पट्ट्यांत नांगर घालायचा नाही असा नियम आहे. या पट्ट्यांना साइक्स म्हणतात. त्यांतल्या गवताचा दरवर्षी उन्हाळ्यात लिलाव होतो आणि आलेले पैसे हक्कदारांत वाटले जातात. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे तिथे रानफुलांची अशी दाटी झाली आहे की आता निसर्गरक्षणाच्या कायद्यानेही त्यांना संरक्षण दिले आहे. मूळ हेतू मात्र फुलांचा नव्हता, वैरणीचा होता.

मग इतर गावांतले हे सगळे गेले कुठे? 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश पार्लमेंटने कुंपणबंदीची 5,200 हून अधिक विधेयके मंजूर केली. त्यांनी सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा व्यापला. गावातली डोकी मोजून हा निर्णय होत नसे. जमिनीच्या किमतीच्या मानाने मोठा हिस्सा ज्यांच्या हाती, त्यांची संमती पुरे असे. कधी कधी असे दोघे-तिघेच असत. कमिशनर येत, मोजणीदार येत, सामाईक गायरानासकट सगळे वाटून एकेकाच्या नावे होई आणि ठरल्या मुदतीत कुंपण घालण्याचा खर्च ज्याचा त्याच्यावर पडे. लहान शेतकऱ्याला तो झेपत नसे. ज्याच्याकडे फक्त गायरानात एक गाय चारण्याचा हक्क होता, त्याच्या वाट्याला बहुधा तुकडाभर जमीन येई किंवा तीही येत नसे. पीक वाढले हे खरे, आणि इंग्लंडच्या शेतीक्रांतीचे श्रेय या कुंपणांना देणारे इतिहासकार आहेत. किती वाढले आणि त्यासाठी कुंपणच हवे होते का, यावर वाद अजून चालू आहे.

लॅक्स्टन वाचले ते गावकऱ्यांच्या शहाणपणामुळे, असे लिहायला मला आवडले असते. पण तसे नाही. गावातली जमीन मुख्यतः मॅनव्हर्स आणि स्कारबरो या दोन उमराव घराण्यांत विभागली होती आणि दोघांचे सूर जुळेनात. गावाच्या कडेची बरीच जमीन त्यांनी टप्प्याटप्प्याने कुंपणाखाली आणलीच. मधली तेवढी राहिली. पुढे 1870 नंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि कुंपणावर पैसा घालण्यात अर्थ उरला नाही. म्हणजे दोन जमीनदारांची न जमलेली बोलणी आणि एक मंदी, यांच्या फटीतून एक गाव निसटले. ही सारी हकिकत जे. व्ही. बेकेट यांनी लॅक्स्टनच्या इतिहासावरच्या 1989 च्या पुस्तकात कागदपत्रांसह मांडली आहे.

आता आपला संबंध. हेन्री मेन हे कायदेपंडित 1862 ते 1869 या काळात गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य म्हणून हिंदुस्थानात होते. परत गेल्यावर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये व्याख्याने दिली आणि 1871 साली त्यांचे पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या ग्रामसमाजांवरचे पुस्तक आले. इंग्लंडमधली ही मोकळी शेते आणि हिंदुस्थानातली गावे एकाच जुन्या संस्थेची रूपे आहेत, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्याआधी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात मराठी गावाच्या स्वयंपूर्णतेचे वर्णन केले होते आणि मेटकाफने 1830 मध्ये गावांना छोटी प्रजासत्ताके ठरवले होते. विरोधाभास असा, की साहेब लोक आपल्या गावांतल्या या एकोप्याचे कौतुक लिहीत होते त्याच काळात त्यांच्या देशात कुंपणे उभी राहत होती. आणि इकडे 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या मोजणीने प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक हद्दीला दगड आणि प्रत्येक रयतेला वेगळा सारा दिला. बांध आपल्याकडे आधीही होते, पण सरकारदप्तरी पक्की झालेली हद्द आणि तिच्यावरून तालुक्यापर्यंत जाणारे भांडण ही या मोजणीची देणगी आहे, असे मला वाटते.

मेटकाफच्या त्या स्तुतीचा समाचार पुढे डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत घेतला. त्याआधी 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त हा गाडा कोण ओढतो आणि त्यावर कोण बसतो, हे मांडले होते. या दोघांना वाचलेल्या माणसाने लॅक्स्टनकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. ज्युरीत कोण बसे? ज्याच्याकडे जमीन, तो. शेतमजूर, एका खोलीचे भाडेकरू, विधवा यांना त्या बाकावर जागा नव्हती. इंग्लंडमध्ये अशा लोकांच्या वाट्याला कापणीनंतर सरवा वेचणे येई. बायकापोरे शेतात उतरत आणि पडलेली कणसे वेचत. कित्येक गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजे. 1788 साली लंडनच्या कोर्टाने निकाल दिला की सरवा वेचणे हा कायद्याने हक्क नाही. हा निकाल सफक परगण्यातल्या एका बाईविरुद्धच्या दाव्यात लागला होता. प्रथा त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी चालू राहिली, पण हक्क म्हणून नव्हे, मालकाची मेहेरबानी म्हणून. एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. लॅक्स्टनमध्ये बाहेर ठेवलेला माणूस गरीब होता म्हणून बाहेर होता. पट्टी मिळाली तर तो किंवा त्याचा मुलगा आत येऊ शकत होता. आपल्याकडे वेशीबाहेरच्याला जमीन मिळाली तरी पाणवठा मिळत नव्हता.

1952 साली मॅनव्हर्स घराण्याने ही मोकळी शेते टिकावीत म्हणून गाव ब्रिटिश शेती मंत्रालयाला विकले. 1981 मध्ये ते राजघराण्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले. 2018 मध्ये क्राउन इस्टेटने ते विकायला काढले तेव्हा गावात काळजी पसरली. नवा मालक कोण येईल आणि कोर्टाचे काय होईल? अखेर 2020 मध्ये थोर्स्बी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांनी, ते परत घेतले. या सगळ्या खरेदी-विक्रीत पट्ट्या कसणारी बहुतेक मंडळी कुळेच राहिली. आपल्याकडे 1948 च्या कुळकायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला मालक केले. लॅक्स्टनमध्ये तसे झाले असते तर कुळाने आपल्या पट्ट्या केव्हाच अदलाबदल करून एकत्र केल्या असत्या, विकल्या असत्या, भोवती तार ओढली असती. मालक एक आहे म्हणून तिथली सामाईक रीत टिकली, हे मला पटवून घ्यायला जड जाते. पण कागद तेच सांगतात.

अडचणी आहेतच. पट्ट्या रुंद केल्या तरी आजच्या यंत्रांना त्या अपुऱ्या पडतात. एका पट्टीवरून दुसऱ्या टोकाच्या पट्टीवर ट्रॅक्टर नेण्यात डिझेल आणि वेळ जातो. शेतकऱ्यांची संख्या घटत चालली आहे आणि शेतघरांत बाहेर नोकरी करणारी माणसे राहायला येत आहेत. ज्युरीला बारा माणसे लागतात.

निघताना त्या वयस्कर शेतकऱ्याला मी आमच्या 19 वर्षांच्या दाव्याची गोष्ट सांगितली. त्याला ती विनोदी वाटेल अशी माझी अटकळ होती. तो हसला नाही. त्याने एवढेच विचारले, “मध्ये खुंटी कोणी ठोकली नाही?” मी म्हटले, मोजणीवाल्यांनी दगड बसवला होता, तो रात्रीतून कोणीतरी उपटला. “कोणी?” त्याने विचारले. आजोबांनी की शेजाऱ्याने, हे मला आजही सांगता येत नाही.